सिनेमा संपल्यानंतरचा यॉर्क

जुने इंग्रजी सिनेमे बघायची खोड असलेल्यांनी 'सार्जंट यॉर्क' पाहिला असेल. १९४१ सालचा, हॉवर्ड हॉक्सने दिग्दर्शित केलेला. त्यासाठी गॅरी कूपरला ऑस्कर मिळालं. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. टेनेसी राज्याच्या डोंगराळ भागातला एक गरीब, अर्धशिक्षित शेतकरी. तरुणपणी दारू आणि मारामाऱ्या. मग देवाच्या मार्गाला लागतो. नेमकं तेव्हाच पहिलं महायुद्ध येतं आणि सरकार त्याला सैन्यात ओढतं. तो म्हणतो, बायबल सांगतं मारू नका. शेवटी जातो, आणि फ्रान्समध्ये एका सकाळी असा काही पराक्रम करतो की सगळी अमेरिका वेडी होते. गावी परत येतो तर लोकांनी त्याच्यासाठी घर आणि शेत भेट म्हणून तयार ठेवलेलं. तो आणि त्याची ग्रेसी त्या घराकडे बघतात. समाप्त.

सिनेमा चांगला आहे, माझी तक्रार त्याबद्दल नाही. तक्रार आहे ती त्या 'समाप्त'बद्दल. कारण ऑल्विन यॉर्क हा खराखुरा माणूस होता, आणि त्या पराक्रमानंतर तो जवळजवळ ४६ वर्षं जगला. ८ ऑक्टोबर १९१८ ते २ सप्टेंबर १९६४. मी सवयीप्रमाणे हिशोब केला, १६,७०० च्या वर दिवस होतात. त्यातला पहिला दिवस सगळ्यांना पाठ आहे. उरलेल्या दिवसांचं काय झालं ते कोणी विचारत नाही. आणि माझं म्हणणं असं आहे, की मोठा माणूस त्या उरलेल्या दिवसांत आहे.

मी एका प्रोजेक्टसाठी काही महिने नॅशव्हिलला होतो. तिथे विधानभवनाच्या आवारात यॉर्कचा पुतळा आहे, १९६८ मध्ये बसवलेला. पुतळ्यातला यॉर्क रायफल रोखून नेम धरतोय. पुतळा सुंदर आहे, प्रश्नच नाही. पण जेवणाच्या सुट्टीत दोन-चारदा त्याच्या समोरून गेल्यावर मी या माणसाबद्दल वाचायला लागलो, आणि जितकं वाचलं तितका तो पुतळा मला अपुरा वाटायला लागला. मग एका शनिवारी गाडी काढून त्याच्या गावाला जाऊन आलो. पुढचं सगळं त्या वाचनातून आणि त्या एका फेरीतून आलेलं आहे.

आधी पराक्रमाचं उरकून घेऊ, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

यॉर्कचा जन्म १३ डिसेंबर १८८७ चा, पॉल मॉल नावाच्या खेड्यात. अकरा भावंडांतला तिसरा. वडील शेती करायचे आणि लोहारकामही. शाळा म्हणाल तर सगळी मिळून नऊएक महिने. १९११ साली वडील गेले. मोठे दोन भाऊ लग्न करून वेगळे झालेले, त्यामुळे आई आणि धाकटी भावंडं याच्या गळ्यात पडली. काम करायचा, पण दारू प्यायचा, जुगार खेळायचा, मारामाऱ्या करायचा. १९१५ च्या सुमारास हे सगळं एकदम सुटलं. आईने विनवण्या केल्या म्हणा किंवा ग्रेसीच्या घरच्यांना असला जावई नको होता म्हणून म्हणा, एका छोट्या कडक पंथाच्या चर्चमध्ये तो जायला लागला आणि पुन्हा मागे वळून पाहिलं नाही. मुलांना रविवारी बायबल शिकवायचा, चर्चमध्ये गाणी सांगायचा. आपल्याकडचा एखादा माळकरी डोळ्यासमोर आणा. गळ्यात माळ पडली की ज्याचं खाणं, पिणं, बोलणं सगळं बदलतं, तसा.

१९१७ मध्ये सक्तीची सैन्यभरती आली. सवलत हवी असल्यास कारण लिहा, या रकान्यात त्याने लिहिलं की मला लढायचं नाही. अर्ज नामंजूर झाला. त्याचा पंथ इतका छोटा होता की सरकारच्या लेखी तो युद्धाला अधिकृत विरोध असलेला पंथच नव्हता!

इथून पुढचा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. छावणीत त्याने वरिष्ठांना सरळ सांगितलं की माझी ही अडचण आहे. कंपनीचा कॅप्टन डॅनफर्थ आणि बटालियनचा मेजर बक्स्टन, दोघांनी त्याला बसवून घेतलं आणि बायबलवर वाद घातला. हुकूम नाही, दमदाटी नाही. तू तुझं वचन सांग, आम्ही आमचं सांगतो. शत्रू येताना दिसूनही जो पहारेकरी शिंग फुंकत नाही, रक्ताचा दोष त्याच्यावर येतो, असा बायबलमधला दाखला त्यांनी दिला. मराठी माणसाला इथे लगेच कुरुक्षेत्र आठवणार, मलाही आठवलं. पण गंमत बघा, इथे सांगणारा देव नव्हता, पगारी अधिकारी होते. वाद संपल्यावर त्यांनी त्याला घरी जाऊन विचार करायला रजा दिली. एका साध्या शिपायाला, युद्ध चालू असताना, विचार करायला रजा! (आमच्याकडे रिलीजच्या आठवड्यात ताप आला तरी मॅनेजरचा चेहरा बघण्यासारखा होतो. असो.) यॉर्क डोंगरावर जाऊन प्रार्थना करत बसला आणि खाली आला तेव्हा जायचं ठरवून आला होता.

८ ऑक्टोबर १९१८ ला फ्रान्सच्या आर्गॉनच्या जंगलात, शातेल-शेहेरी गावाजवळ, १७ जणांची एक तुकडी जर्मन मशीनगनच्या मागे जायला निघाली. मागे पोचली आणि मग गोळीबारात सापडली. सहा जण ठार, तीन जखमी. जखमींमध्ये तुकडीचा म्होरक्या सार्जंट अर्लीही होता. कॉर्पोरल यॉर्क पुढे झाला. लहानपणापासून टर्की आणि खारी मारून तयार झालेला नेम होता त्याचा. शेवटी जर्मन अधिकाऱ्याने शरणागती दिली आणि यॉर्क आणि उरलेले सात जण १३२ कैदी घेऊन परतले. अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक 'मेडल ऑफ ऑनर' त्याला मिळालं.

यात यॉर्कचा वाटा किती आणि इतर सात जणांचा किती, यावर त्या लोकांमध्ये पुढे बरीच कुरबुर झाली, आणि ती अगदीच खोटी नव्हती. अर्लीला त्याचं पदक मिळायला १९२९ साल उजाडलं. म्हणजे एका माणसावर प्रकाशझोत टाकला की बाजूचे अंधारात जातात, हे तेव्हाही होतंच. यॉर्कवर तो झोत पडला एप्रिल १९१९ मध्ये, एका मोठ्या साप्ताहिकातल्या लेखामुळे. त्या लेखाआधी घरच्या लोकांखेरीज त्याला फारसं कोणी ओळखत नव्हतं.

नंतर तो युद्धाबद्दल जे थोडं बोलला त्यातली एक गोष्ट सांगतो. लढाईच्या जागी परत गेल्यावर आपल्या मेलेल्या सोबत्यांसाठी त्याने प्रार्थना केली, आणि जर्मनांसाठीही केली. तीही आपलीच भावंडं होती असं त्याचं म्हणणं. सर्वोच्च शौर्यपदक मिळालेला माणूस आपण ज्यांना मारलं त्यांच्यासाठी प्रार्थना केली म्हणून सांगतो, हे जरा थांबून वाचण्यासारखं आहे.

तर आता 'समाप्त'नंतरचं.

मे १९१९ मध्ये तो न्यूयॉर्कला उतरला. मिरवणूक, सत्कार, रोखे बाजारातल्या लोकांनी खांद्यावर उचलून घेतलं. याला काय बघायचंय म्हणून विचारलं तर म्हणाला भुयारी रेल्वे. मग सुरू झाल्या ऑफर्स. जाहिराती, नाटकं, सिनेमे, वर्तमानपत्रात नाव. अक्षरशः हजारो डॉलर्स, आणि हे त्या माणसाला ज्याने सैन्यात जाण्याआधी रोजंदारीवर कामं केली होती. त्याने सगळ्यांना नाही म्हणून सांगितलं. आपल्या अंगावरचा गणवेश विकायला ठेवलेला नाही, असा त्याचा सूर होता. घरी गेला, ७ जूनला ग्रेसीशी लग्न केलं. लग्न लावलं राज्याच्या गव्हर्नरने, एवढाच काय तो थाट.

एकच भेट त्याने स्वीकारली, तीच ती सिनेमातली. नॅशव्हिलच्या रोटरी क्लबने लोकवर्गणीतून सुमारे ४०० एकरांचं शेत द्यायचं ठरवलं. सिनेमा इथे संपतो. खऱ्या आयुष्यात मात्र ते गिफ्ट ईएमआयसकट आलं! वर्गणी पुरेशी जमली नाही. शेत हप्त्यांवर घेतलेलं. अवजारं, जनावरं, बियाणं काहीच नाही, त्यासाठी यॉर्कने कर्ज काढलं. तेवढ्यात युद्धानंतरची मंदी आली, शेतमालाचे भाव कोसळले. क्लबला हप्ते भरणं जमेना, ते यॉर्कच्या माथी आले. १९२१ मध्ये देशाच्या सर्वात मोठ्या वीराची कर्जबाजारी म्हणून पेपरात चर्चा चालू होती, आणि काही जण त्यालाच दोष देत होते. बाकी कसलेही हाल सोसेन, पण देणेकरी होणं मला झेपत नाही, अशा अर्थाचं तो तेव्हा म्हणाला होता. (हे लिहिताना मला माझं होमलोन आठवलं.) शेवटी देशभरातून पुन्हा आवाहन झालं आणि त्या वर्षीच्या नाताळापर्यंत पैसे जमले.

दुसरा कोणी असता तर इथून पुढे आपलं शेत सांभाळून गप्प बसला असता, आणि त्याला कोणी नावही ठेवलं नसतं. पण यॉर्कला एका गोष्टीने झपाटलं होतं. फ्रान्सला जाऊन आल्यावर त्याच्या लक्षात आलं होतं की जग किती मोठं आहे आणि आपण किती अडाणी आहोत. नऊ महिने शाळेत गेलेल्या या माणसाने ठरवलं की आपल्या डोंगरातल्या पोरांसाठी शाळा काढायची. नुसती बाराखडीची नव्हे, शेती आणि हातकाम शिकवणारी चांगली शाळा. तिथे रस्ते काढायचे, तेही डोक्यात होतंच.

मग तो गावोगाव भाषणं करत फिरायला लागला. लोक यायचे आर्गॉनची गोष्ट ऐकायला. मशीनगन, गोळ्या, कैदी. आणि हा उभा राहून सांगायचा की पन्नास मैलांच्या आघाडीवर मी एका कोपऱ्यात होतो, मला दिसलं ते फार थोडं, त्यावर काय बोलायचं. मला ते युद्ध विसरायचंय, आमच्या डोंगरातल्या मुलामुलींसाठी. लोक हिरमुसायचे. मला हे दृश्य फार खरं वाटतं. तिकीट काढून ॲक्शन बघायला आलेल्या लोकांना हा माणूस शाळेचं बजेट समजावून सांगतोय!

शाळेचं काम सरळ झालं असं अजिबात नाही. आणि इथे यॉर्कला संत बनवण्यात अर्थ नाही. तो कमालीचा हट्टी होता. शाळा कुठे बांधायची यावरून स्थानिक पुढाऱ्यांशी भांडला, तडजोड करायला तयार झाला नाही, राजीनामा दिला, दुसरी शाळा काढायला निघाला, कोर्टकचेऱ्या झाल्या. जिल्ह्याच्या राजकारणात पदक चालत नाही, हे त्याला चांगलंच कळलं असणार. ज्यांनी गावाकडे एखाद्या शिक्षणसंस्थेच्या कार्यकारिणीची निवडणूक जवळून पाहिली आहे त्यांना हे चित्र नवीन नाही. पण १९२० च्या दशकाच्या शेवटी जेम्सटाऊन या तालुकावजा गावात शाळा उभी राहिली. यॉर्क तिचा अध्यक्ष.

मग महामंदी आली. राज्य सरकारने कबूल केलेले पैसे दिले नाहीत. डोंगरातली लांबलांबची मुलं शाळेत आणायला बस लागणार, आणि बसला पैसे नाहीत. तेव्हा यॉर्कने आपलं शेत गहाण टाकलं.

तेच शेत. ज्याच्या हप्त्यांपायी तो देशभर बदनाम झाला होता, कर्जाची ज्याला इतकी धास्ती होती, त्या माणसाने बससाठी तेच शेत पुन्हा सावकाराच्या दारात नेऊन ठेवलं. आर्गॉनमध्ये त्याच्यापुढे पर्यायच नव्हता हो. समोरून गोळ्या येत होत्या, लढणं किंवा मरणं. तिथे नेम चांगला होता, नशीब चांगलं होतं, त्याच्या मते देव पाठीशी होता. पण शेत गहाण टाकताना कोणी बंदूक रोखलेली नव्हती. घरी बायको होती, एकामागून एक झालेली पोरं होती. शांतपणे बसून, कागद वाचून, सही केली असेल. मला विचाराल तर त्याच्या आयुष्यातलं शौर्य हे आहे. आणि याचा पुतळा कोणी करत नाही, कारण सही करणाऱ्या माणसाचा पुतळा दिसणार कसा?

आणि एवढं करून १९३६ मध्ये त्याला त्याच शाळेच्या अध्यक्षपदावरून हटवलं. आता माझ्यासारखा असता तर म्हणाला असता, खड्ड्यात जा. तो नंतरही शाळेला पैसे देत राहिला.

आपल्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, पटते का बघा. कुठल्याही प्रोजेक्टमध्ये गो-लाईव्हच्या दिवशी केक कापतात. फोटो निघतात, वरचे साहेब मेल पाठवतात, कोणालातरी ट्रॉफी मिळते. आणि मग ते सॉफ्टवेअर पुढे पंधरा वर्षं चालतं. रात्री दोन वाजता फोन उचलणारा, तोच जुना कोड पुन्हा पुन्हा दुरुस्त करणारा जो कोणी सपोर्टवाला असतो, त्याचं नाव त्या मेलमध्ये नसतं. यात कोणाचा दुष्टपणा नाही. गो-लाईव्हला तारीख असते, म्हणून ते लक्षात राहतं. सांभाळण्याला तारीख नसते.

म्हणून मला वाटतं, यॉर्कसारख्या माणसाला 'वीर' म्हणून मोकळं होणं हा एक प्रकारचा आळस आहे. २६ जानेवारीला आपणही हे करतो. सैनिकाचा फोटो फॉरवर्ड करायचा, सलाम करायचा, झालं. तो माणूस परत आल्यावर कशावर जगला, त्याचं कर्ज कोणी फेडलं, त्याला रात्री झोप लागते का, हे प्रश्न कोणाला पडत नाहीत.

यावर एक चोख प्रश्न येऊ शकतो, आणि माझ्या एका मित्राने तो विचारलाच. तो म्हणाला, आर्गॉन झालं नसतं तर या माणसाला गव्हर्नर भेटला असता का? शाळेला वर्गणी मिळाली असती का? तुझी ती बसची गोष्ट तुला कळली तरी असती का? बरोबर आहे. प्रसिद्धी त्या एका सकाळचीच होती. पण ती प्रसिद्धी खर्च कशावर केली ते बघा. वीस वर्षं सिनेमावाले त्याच्या मागे होते. जेसी लास्की नावाच्या निर्मात्याने १९१९ ची ती मिरवणूक पाहिली, तेव्हापासून तो पाठ सोडत नव्हता. यॉर्क नाहीच म्हणत होता. हो म्हणाला ते १९४० मध्ये, बायबल शिकवणारी एक शाळा काढायची होती आणि त्याला पैसे हवे होते तेव्हा. म्हणजे ज्या सिनेमातला 'समाप्त' मला खुपतो, तो सिनेमासुद्धा एका शाळेच्या इमारतीसाठीच निघाला.

मधली वर्षंही त्याने नुसती मिरवण्यात घालवली नाहीत. १९३० च्या दशकात बेरोजगार तरुणांकडून सरकारने जी कामं करून घेतली, त्यात क्रॉसव्हिलजवळच्या दगडी बंधाऱ्याच्या प्रकल्पावर तो देखरेखीला होता. त्याच काळात तो म्हणायचा की पहिल्या महायुद्धातून काही निष्पन्न झालं नाही, अमेरिकेने पुन्हा असल्या भानगडीत पडू नये. १९४१ पर्यंत हे मत पूर्ण उलटं झालं. हिटलरला अडवलंच पाहिजे म्हणून तो जाहीर बोलायला लागला, आणि त्याचं भाषण खुद्द रूझवेल्टने नोव्हेंबरमधल्या आपल्या भाषणात वापरलं. पुढे त्याच्या जिल्ह्याच्या भरती मंडळावर तो होता. मला लढायचं नाही असं लिहून देणारा तरुण म्हातारपणी दुसऱ्यांच्या पोरांचे भरतीचे कागद बघत होता. यात विसंगती आहे का? आहे. सिनेमात असली विसंगती चालत नाही, पण ७६ वर्षं जगणाऱ्या माणसाला ती ठेवावीच लागते.

सिनेमाचे पैसे आले आणि गेलेही, वाटण्यात आणि शाळेत. मग १९५१ मध्ये आयकर खात्याने हिशोब काढला. सिनेमाच्या उत्पन्नावर कर बाकी, व्याजासकट १ लाख ७२ हजार डॉलर्स. यॉर्ककडे तेवढे पैसे असण्याचा प्रश्नच नव्हता. पैशाच्या बाबतीत तो आयुष्यभर भोळा राहिला, हेही खरं. त्यात १९५४ मध्ये पक्षाघाताचा मोठा झटका येऊन तो अंथरुणाला खिळला. ते प्रकरण मिटलं १९६१ मध्ये, २५ हजार डॉलर्सवर. संसदेचे सभापती सॅम रेबर्न यांनी पुढाकार घेऊन पुन्हा एकदा लोकवर्गणी काढली. १९२१ ला कर्जासाठी वर्गणी, १९६१ ला करासाठी वर्गणी. चाळीस वर्षांत वीराच्या घरची परिस्थिती एवढीच बदलली.

आणि ग्रेसी. तिच्याबद्दल फार कमी लिहिलेलं सापडतं, म्हणून मला तिचं नाव मुद्दाम घ्यायचंय. नवरा देशभर भाषणं करत फिरत असताना घर, शेत आणि लेकरं सांभाळणारी, वीराला बघायला येणाऱ्याजाणाऱ्यांचा राबता सोसणारी, आणि शेवटची दहा वर्षं अंथरुणावरच्या त्या अवाढव्य माणसाची सेवा करणारी. शेत गहाण पडलं तेव्हा तिला विचारलं होतं की नाही, कोण जाणे. ती १९८४ पर्यंत जगली, म्हणजे त्याच्यामागे वीस वर्षं. मुलांची नावं ठेवली होती वुड्रो विल्सन, सॅम ह्यूस्टन, अँड्र्यू जॅक्सन, थॉमस जेफरसन, मुलगी बेट्सी रॉस. अख्खा इतिहासाचा पेपर घरात जेवायला बसायचा! पण एका मुलाचं नाव मला फार आवडलं: जॉर्ज एडवर्ड बक्स्टन यॉर्क. छावणीत ज्याने हुकूम सोडण्याऐवजी बायबल उघडून वाद घातला, त्या मेजरचं नाव.

२ सप्टेंबर १९६४ ला नॅशव्हिलमध्ये माजी सैनिकांच्या रुग्णालयात यॉर्क गेला. अंत्यविधी गावीच झाला, राष्ट्राध्यक्षांच्या वतीने जनरल रिजवे आले होते.

मी गेलो त्या दिवशी पॉल मॉलला फारसं कोणी नव्हतं. गाव म्हणजे काय, हायवेच्या कडेला चार घरं, आणि हायवेलाही यॉर्कचंच नाव. त्याचं पांढरं दुमजली घर आता राज्याच्या ताब्यात आहे, बघता येतं. समोर वुल्फ नदी, तिच्यावर त्याने चालवलेली पाणचक्की, पुढे दफनभूमी. पदकं, फोटो वगैरे सगळं आहे. मी चक्कीपाशीच जास्त वेळ बसलो. वीराची चक्की म्हणून नव्हे, मक्याचं पीठ दळून द्यायचं साधं काम तिथे चालायचं म्हणून.

कोणी त्या बाजूला गेलात तर जाताना क्रॉसव्हिलचा बंधारा बघून घ्या, वाटेतच आहे. तिथून उत्तरेला गेलं की पॉल मॉलच्या आधी जेम्सटाऊन लागतं. त्याची शाळा तिथे आजही चालू आहे, सरकारी खर्चाने चालणारं हायस्कूल म्हणून, त्याच्याच नावाने. मी गेलो तो शनिवार होता, त्यामुळे मुलं नव्हती. शक्यतो शाळेच्या दिवशी जा, दुपारी सुटायच्या वेळेला, म्हणजे बसही दिसतील.